शत्रूंवरील विजय आणि एक कर्जरोखा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मी बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय त्यांनी माझ्यावरच सोपवला होता. आठ दिवसांनी रस्त्यात भेटले तेव्हा मात्र म्हणाले, "गुरुजी, महोत्सव आहे, काहीतरी विजयाचे सांगा." विजयाचे सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे काही नाही. आयुष्य शाळेत भाषा शिकवण्यात गेले. त्यात मुलांनी व्याकरणावर मिळवलेले विजय मोजके आणि व्याकरणाने मुलांवर मिळवलेले पुष्कळ. तेव्हा घरी येऊन बायबल उघडले. त्यात विजयाची वचने हवी तितकी आहेत. त्यांतले एक, कलस्सै येथील मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले पंधरावे, मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. श्रोत्यांत ख्रिस्ती नसलेली मंडळीही बरीच आहेत, म्हणून आम्हांला जे पाठ आहे तेही थोडे उकलून सांगावे लागेल. ज्यांना पाठ आहे त्यांनी कंटाळू नये. पाठ असणे आणि समजणे यांत किती अंतर असू शकते, याचा एक नमुना आपल्यासमोर उभाच आहे.

वचनाचा आशय असा: देवाने अधिपतींना व अधिकाऱ्यांना नागवले, चारचौघांत त्यांचे प्रदर्शन मांडले आणि वधस्तंभाच्या योगे त्यांच्यावर जय मिळवून त्यांची मिरवणूक काढली.

असले वचन ऐकले की माणूस प्रथम काय करतो? त्या मिरवणुकीत आपल्या ओळखीची एकदोन माणसे उभी करून पाहतो. मी तरी केली होती. शहापुरातल्या आमच्या वाडवडिलांच्या घरावरून काकांच्या कुटुंबाशी आमचा दावा चालू होता. तारखेला जाण्यापूर्वी मी बायबल उघडून एकशे दहावे स्तोत्र वाचीत असे. त्या स्तोत्राच्या आरंभीच, तुझ्या शत्रूंना मी तुझे पादासन करीपर्यंत माझ्या उजवीकडे बैस, अशा आशयाचे ईश्वराचे अभिवचन राजाला दिलेले आहे. राजाच्या जागी मी आणि शत्रूच्या जागी काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, अशी माझी सोयीस्कर टीका होती. हे सांगायला आज लाज वाटते, परंतु ते वगळले तर पुढचे सांगण्यात अर्थ उरत नाही.

पादासनाची ही कल्पना मुळात अगदी शब्दशः होती. यहोशवाच्या पुस्तकात सेनानायकांनी पकडलेल्या राजांच्या मानेवर पाय दिल्याचे वर्णन आहे. इजिप्तमध्ये तुतानखामेनचे थडगे १९२२ साली सापडले. त्यातील पादासनांवर हात बांधलेले शत्रू चितारलेले आहेत. राजाने बसल्याबसल्या पाय टेकला की शत्रू तुडवला गेला! त्याच्या पादत्राणांच्या तळव्यांवरही तशीच चित्रे आहेत. मला हे वाचून हसू आले होते, आणि मग मनात आले की, आपण प्रार्थनेत दुसरे काय करीत आलो? आपल्यापाशी चित्रकार नव्हता, एवढेच.

आता कलस्सैकडे वळू. आजच्या तुर्कस्थानात, डेनिझली शहराच्या जवळ, होनाझ गावापाशी एक टेकाड आहे. तेच प्राचीन कलस्सै. लायकस नदीच्या खोऱ्यात लावदिकीया, हेरापली आणि कलस्सै अशी तीन गावे जवळजवळ होती. हेरापलीला उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे; कलस्सै लोकरीसाठी नावाजलेले. पौलाच्या काळापर्यंत शेजारच्या लावदिकीयेने त्याचा भाव उतरवला होता. पौल स्वतः तेथील मंडळीला भेटलेला नव्हता. ती एपफ्रास नावाच्या तिथल्याच माणसाच्या खटपटीने उभी राहिली. पत्र लिहिणारा बंदिवासात होता. हे पत्र पौलाच्या हातचे की त्याच्या शिष्याचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मी त्या वादात पडत नाही, माझी तेवढी तयारी नाही. मी परंपरेप्रमाणे पौल म्हणतो.

तेथील लोकांना कसली तरी भीती घातली जात होती, एवढे पत्रावरून कळते. अमुक खाऊ नका, तमुक सण पाळा, अमावास्या पाळा, देवदूतांची आराधना करा, नाही तर विश्वातल्या अदृश्य सत्ता तुम्हांला सोडणार नाहीत, असा काहीसा तो उपदेश होता. आपल्याकडच्या ग्रहांच्या आणि पीडांच्या भीतीचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या भ्यालेल्या माणसांना धीर देताना पौलाने एक चित्र निवडले, आणि ते निवडले थेट रोमच्या रस्त्यावरून.

मूळ ग्रीकमध्ये येथे जे क्रियापद आहे त्याचा अर्थ नुसता 'जिंकणे' नाही. विजयी सेनापतीने रोममध्ये काढायची जी अधिकृत मिरवणूक असे, तिच्यात चालवणे असा आहे. ती मिरवणूक डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हे वचन कळत नाही. शहराबाहेरच्या मैदानापासून ती निघे, आणि सर्कस मॅक्सिमस व पवित्र मार्ग यांवरून कॅपिटोल टेकडीवरील ज्युपिटरच्या देवळाकडे जाई. लुटीचे ढीग, जिंकलेल्या शहरांची चित्रे, बळीचे पांढरे बैल, आणि सेनापतीच्या चार घोड्यांच्या रथापुढे साखळदंडांत बांधलेले कैदी. सेनापतीच्या अंगावर सोन्याचे भरतकाम केलेला जांभळा झगा, हाती लॉरेलची फांदी. कैद्यांतला जो मुख्य, त्याला फोरमपाशी रांगेतून बाजूला काढीत आणि टेकडीच्या पायथ्याच्या तुरुंगात नेऊन मारीत. तो मेल्याची वर्दी आली की वर देवळात बळी पडे.

इसवी सनापूर्वी १०४ मध्ये न्युमिडियाचा राजा जुगुर्था असाच मिरवला गेला आणि त्याच तुरुंगात मेला. गॉल लोकांचा पुढारी वर्सिंजेटोरिक्स इ. स. पूर्व ५२ मध्ये सीझरला शरण आला. त्याला तब्बल सहा वर्षे राखून ठेवले, कशासाठी, तर ४६ मध्ये मिरवणुकीत चालवून ठार मारण्यासाठी. क्लिओपात्राने इ. स. पूर्व ३० मध्ये आपला जीव दिला, त्याला या मिरवणुकीची धास्ती हे एक कारण असल्याचे प्राचीन लेखक सांगतात. पुढच्या वर्षी रोमकरांनी तिची प्रतिमा मिरवून हौस भागवली. इसवी सन ७१ मध्ये यरुशलेमच्या पाडावानंतर व्हेस्पेशियन आणि टायटस यांची मिरवणूक निघाली. तिच्यात मंदिरातला सात फाट्यांचा सोन्याचा दीपवृक्ष होता, आणि यहुदी बंडाचा एक नेता सायमन बार गियोरा याला त्या दिवशी मारण्यात आले. दीपवृक्ष वाहून नेणारे लोक रोममधल्या टायटसच्या कमानीवर कोरलेले आहेत. ज्यांचा दीपवृक्ष होता त्यांना त्या दगडाकडे पाहताना काय वाटत असेल ते वेगळे सांगायला नको.

रोमन साम्राज्यात राहणाऱ्या कलस्सैकरांच्या कानावर या मिरवणुकांच्या कथा आल्या असणारच. आणि येशूच्या मृत्यूचा प्रकारही त्यांना ठाऊक होता. वधस्तंभाची शिक्षा गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी असे. येशूचे कपडे काढून घेतले गेले, ते शिपायांनी वाटून घेतले. रहदारीच्या रस्त्याजवळ, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असे त्याला टांगले. डोक्यावर आरोपाची पाटी ठोकली. नागवला गेला तो, प्रदर्शन झाले त्याचे. रोमच्या हिशेबाने त्या दिवशी कोणी विजयी असेल तर सुभेदार पिलात, आणि कैदी असेल तर येशू. पौल हे सगळे जाणून तेच शब्द उचलतो आणि उलट बाजूला लावतो: नागवले गेले ते अधिपती, प्रदर्शन झाले ते अधिकाऱ्यांचे, साखळीत चालत आहेत ते, आणि रथ म्हणजे तो लाकडाचा खांब.

इतके धाडसी वाक्य बंदिवासात बसून लिहायला छाती लागते. पण धाडस म्हणजे सत्य नव्हे, हेही खरे. कोणी म्हणेल, हरलेल्या पक्षाने स्वतःची घातलेली ही समजूत आहे. मलाही हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. त्याचे उत्तर मला पंधराव्या वचनात सापडले नाही. ते चौदाव्यात आहे, आणि मी ते वाचीतच नव्हतो. विजयाच्या वचनापाशी लवकर पोहोचायची घाई असली की असे होते.

चौदाव्या वचनात पौल एका कागदाविषयी बोलतो. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ 'हाताने लिहिलेले', 'हस्ताक्षर'. परंतु व्यवहारात तो शब्द एका ठराविक कागदाला लावीत. ऋणकोने स्वतःच्या हाताने, मी अमक्याचे इतके देणे लागतो, असे लिहून दिलेला रोखा! इजिप्तच्या वाळूत असे रोखे पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. देणे फिटले की त्यांवर आडव्यातिडव्या दोन रेघा, फुलीसारख्या, मारीत. पौल मात्र फुलीचा शब्द वापरीत नाही. पुसून टाकण्याचा वापरतो. तेव्हाची शाई काजळी आणि डिंक यांची असे. ती कागदात मुरत नसे, ओल्या बोळ्याने पुसता येई. तर पौलाचे म्हणणे असे की, आपल्या विरुद्ध जो रोखा होता तो देवाने पुसला, मधून काढून टाकला आणि वधस्तंभाला खिळ्याने ठोकला. येशूच्या डोक्यावर आरोपाची एक पाटी होती हे मी सांगितलेच. पौलाच्या दृष्टीला तेथे आणखी एक कागद ठोकलेला दिसतो, आणि तो तुमचाआमचा असतो.

आपल्या व्यवहारात याला फारखत म्हणत. शब्द फारसीतून आला. धनकोने ऋणकोला मोकळे केल्याचा लेख, असा त्याचा अर्थ. हल्ली फारकत म्हटले की आपल्याला नवराबायकोच आठवतात, पण जुन्या दप्तरांत सावकार आणि कुळे यांच्या फारखती भरपूर आढळतात.

आता या दोन वचनांची सांगड पाहा. अधिपतींना नागवले म्हणजे त्यांच्या अंगावरचे काय काढून घेतले? शस्त्र. शस्त्र कोणते? तो रोखा. अदृश्य सत्तांचा माणसावर जो जोर होता तो या कागदाचा होता: तू देणेकरी आहेस, तू दोषी आहेस, हे बघ तुझेच हस्ताक्षर. कागद गेला की जोर गेला. सावकार जिवंत आहे, वाडा आहे, दारावर मुनीम आहे, पण पेटीत कागद नाही. आता त्याने कितीही डोळे वटारले तरी दावा कशाच्या आधारे करणार?

येथे मला दख्खनच्या दंग्यांची आठवण होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर गेले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. सरकारी चौकशीत एक गोष्ट ठळकपणे नोंदली गेली. एवढ्या गावांत एवढा प्रक्षोभ झाला, पण सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे. लोकांना हवे होते ते रोखे आणि खती. कागद हाती दिला तर बहुतेक ठिकाणी माणसाला सोडले. कागदांच्या मात्र होळ्या झाल्या. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. मी दंग्याची तरफदारी करीत नाही, आणि सुप्याच्या कुणब्यांनी पौल वाचला होता असेही म्हणत नाही. पण आपला शत्रू नेमका कोठे राहतो हे त्यांना अचूक कळले होते. तो पेटीत राहत होता.

धर्मशास्त्री या वचनावर शतकानुशतके लिहीत आले आहेत. निस्साच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात गळाची उपमा दिली: येशूचे मानवी शरीर हे आमिष, दैवी सामर्थ्य हा गळ, आणि मृत्यूने आमिष गिळले. उपमा मासेमारांच्या वस्तीत चांगली समजते, पण देवाने सैतानाला फसवले असा तिचा सूर मला पटत नाही. स्वीडनचे गुस्टाफ औलेन यांनी १९३० साली या विजयाच्या विचाराला पुन्हा उजाळा दिला. ते सर्व येथे सांगत बसत नाही. ज्यांना रस असेल त्यांनी भाषणानंतर भेटावे.

मात्र एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही, कारण ती आपल्या शेजारची आहे. पौलाने ती मिरवणूक उलटी फिरवली. चर्चने पुढे ती पुन्हा सुलटी केली. बेळगावहून घाट उतरला की गोवा. तेथे १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मध्यंतरी काही वर्षे ते बंद होते, पण त्याचा कायमचा शेवट १८१२ साली झाला. गॅब्रिएल देलोन नावाचा एक फ्रेंच वैद्य त्याच्या तावडीत सापडला होता. १६७६ च्या जानेवारीत गोव्यात निघालेल्या दोषींच्या मिरवणुकीत त्याला चालावे लागले, आणि ती हकीकत त्याने १६८७ साली छापून प्रसिद्ध केली. अनवाणी पाय, हाती मेणबत्ती, अंगावर दोषाच्या प्रतवारीप्रमाणे चितारलेले झगे, दुतर्फा पाहणाऱ्यांची गर्दी, आणि सर्वांच्या वर उंच धरलेला क्रूस. ज्या खांबावर माणसांचे रोखे ठोकले गेले असे पौल म्हणतो, त्याच खांबाखाली माणसांचे रोखे मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. ख्रिस्ती म्हणून हे सांगताना मला अवघड वाटते, पण हिंदू व ख्रिस्ती एका मंडपात बसले असता ते न सांगणे अधिक अवघड. अधिपती आणि अधिकारी कोणत्याही पोशाखात येतात. आमच्या पोशाखातही आले.

एक शब्द आणखी, आणि मग पत्र सोडतो. चारचौघांत प्रदर्शन मांडणे यासाठी पौलाने जे क्रियापद वापरले, तेच मत्तयाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येते. मरीयेला दिवस गेल्याचे योसेफाला कळते, मूल आपले नाही हे त्याला माहीत असते, आणि तरी तो तिची चारचौघांत बेअब्रू करू इच्छीत नाही. गुपचूप सोडून द्यावे असे ठरवतो. तेथे हेच क्रियापद आहे. तो भला माणूस होता म्हणून त्याने असे ठरवले, असे मत्तय सांगतो. देवाने सत्तांची जी बेअब्रू केली ती करण्याचा त्याला अधिकार असेल. पण माणसाने माणसाची तशी करायची नाही, हे मला योसेफाने शिकवले. ते मी उशिरा शिकलो.

ते कसे, ते सांगतो. १९६१ साली माझ्या वडिलांनी काकांना आठशे रुपये उसने दिले होते. काकांनी रोखा लिहून दिला. काका जुन्या वळणाचे, त्यांनी तो सगळाच मोडीत लिहिला. पैसे परत आले नाहीत. काही वर्षांनी दोघेही भाऊ गेले आणि घराच्या वाटणीचा दावा सुरू झाला. वकिलांनी मला स्पष्ट सांगितले की, रोख्याची मुदत तीन वर्षांची, ती केव्हाच संपली, त्याचा कोर्टात काही उपयोग नाही. तरी आईच्या ट्रंकेत तो तसाच ठेवला होता. दिवाळीत आणि नाताळात ट्रंक साफ करताना तो बाहेर निघे, आणि आम्ही तो पुन्हा घडी घालून ठेवीत असू. त्या घडीत आम्हांला एक प्रकारचे समाधान होते.

१९९४ साली मी आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. चुलतभावाच्या मुलीचा अर्ज आला. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि बिनव्याजी शिक्षणकर्ज हवे होते. दोन जामीनदार लागत. त्यांतले एक गृहस्थ बदली होऊन परगावी गेले होते आणि नियम स्थानिक जामीनदाराचा होता. एरवी अशा वेळी आम्ही अर्जदाराला बोलावून सांगत असू की, दुसरा जामीन आणा, अर्ज राहू द्या. त्या दिवशी मी नियमावर बोट ठेवले. बोललो फार नाही, नियम वाचून दाखवला, इतकेच. बाकीच्यांना आमचा दावा माहीत होता. कोणी काही म्हणाले नाही. अर्ज परत गेला, फी भरायची तारीख गेली, आणि मुलगी एक वर्ष घरी बसली. त्या रात्री मी माझे स्तोत्र वाचले, आणि ते फळाला आले असे मला वाटले. समितीच्या कामकाजाच्या वहीत तो ठराव माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. पन्नास वर्षांचा इतिहास लिहिताना कोणी ती वही उघडली तर दिसेल.

पुढल्या उपवासकाळात तरुणांच्या बायबलवर्गात कलस्सैकरांचे पत्र घ्यायची पाळी माझ्यावर आली. मी मिरवणुकीचे वर्णन चांगले रंगवून केले, आज आपल्यापुढे केले त्याहून रंगवून. संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, पण त्या रांगेत माणूस कोणीच नाही का?" मी म्हटले, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे पिलात नाही, शिपाई नाहीत, पकडून देणारा नाही. फक्त अधिपती आणि अधिकारी. माणसे गेली कोठे?" मी वचन पुन्हा वाचले, मागचे वाचले. माणसे चौदाव्या वचनात होती. ती रोखा पुसलेल्यांच्या बाजूला उभी होती, सगळीच्या सगळी. त्या बाजूला काकांचा मुलगाही होता. मग सत्तांच्या रांगेत जाऊन, पेटीत कागद धरून कोण उभे होते? मी मुलांना सांगितले की, वेळ झाली, पुढच्या आठवड्यात पाहू.

त्याच पौलाचे आणखी एक चिमुकले पत्र आहे, फिलेमोन नावाच्या गृहस्थाला. तेही बहुधा कलस्सैचेच. त्याचा गुलाम अनेसिम पळाला होता आणि पौलाकडे आला होता. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो की, त्याच्याकडून तुझे काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, हे मी माझ्या हाताने लिहितो, मी फेडीन. म्हणजे रोखाच! ज्याने सगळ्या जगाचा रोखा पुसला गेल्याचे सांगितले, त्याने बंदिवासात बसून एका गुलामासाठी स्वतःच्या हाताने नवा रोखा लिहून दिला. हे पत्र मी पूर्वीही वाचले होते. त्या आठवड्यात ते चार वेळा वाचले.

मग मी दोन गोष्टी केल्या. संस्थेच्या कचेरीत जाऊन मुलीच्या नव्या अर्जावर दुसरा जामीनदार म्हणून सही केली. कारकुनाने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही. आणि संध्याकाळी ट्रंकेतला कागद काढून, त्यावर आडव्यातिडव्या दोन रेघा मारून, दादांच्या घरी गेलो. अकरा वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नव्हते. वहिनींनी दार उघडले, आणि बसा म्हणायचे की नाही हे ठरवीत क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग पाट सरकवला.

दादांनी कागद हातात घेतला. मी म्हटले, "दादा, हे संपले."

ते म्हणाले, "ते तर केव्हाच संपले होते. मुदत संपून तीस वर्षे झाली. माझ्या वकिलाने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते."

मला उत्तर सुचले नाही. मुलीच्या गेलेल्या वर्षाविषयी काय म्हणणार होतो ते वाटेत घोकून गेलो होतो, ते शब्दही गेले. मुलगी आतल्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले, आणि ती आत गेली. पुढे ती शिकली, परदेशी नोकरीला गेली, संस्थेचे कर्ज मुदतीआधी फेडले. माझ्याशी ती आजही बेताचेच बोलते, आणि तो तिचा हक्क आहे. दावा मात्र त्या वर्षअखेर आपसांत मिटला. घर विकले, निम्मेनिम्मे केले.

निघताना मी तो कागद फाडायला हात पुढे केला, तर दादांनी तो मागे ओढला. दिव्याजवळ नेला आणि डोळ्यांजवळ धरला. त्यांना मोडी येत नव्हती. मला वडिलांनी शिकवली होती. म्हणाले, "हे बाबांचे अक्षर ना?" मी होय म्हटले. त्यांच्या घरी काकांच्या हातचे दुसरे काहीच उरलेले नव्हते. मग मी तेथेच बसलो आणि त्यांना तो रोखा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. आठशे रुपये अक्षरी, तिथी, साक्षीदारांची नावे, सगळे. ते मधूनमधून एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारीत होते, आणि वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही शेवटच्या ओळीवर, सहीपाशी, होतो.